ग्वीझोउच्या खेड्यांत आई-बाबांना घेऊन : गाडी, मुक्काम, पैसे, जेवण कसं जमवायचं?

घाटवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मे अखेरीला आई-बाबांना घेऊन चीनच्या ग्वीझोउ प्रांतात, त्याच्या आग्नेय कोपऱ्यात जायचं ठरतंय. डोंग आणि म्याओ लोकांची लाकडी गावं आणि जियाबांगची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं एवढंच बघायचंय. सोबत टूर कंपनी नाही. दोघंही पासष्टीच्या आसपासचे, आई पूर्ण शाकाहारी, बाबांचे गुडघे अधूनमधून दुखतात. कोलकात्याहून ग्वांगझोउला विमानानं आणि पुढे रेल्वेनं जायचा विचार आहे.

शांघाय-बीजिंगबद्दल ढिगानं माहिती मिळते, खेड्यांबद्दल फार थोडी. हायस्पीड स्टेशनवर उतरल्यावर गावापर्यंत कसं जायचं? गावातली घरगुती हॉटेलं परदेशी माणसाला ठेवून घेतात का? रोख किती ठेवावी? आईच्या जेवणाचं काय? आणि फोनवर काय चालतं, काय नाही? ज्यांना हा भाग माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

शेनझेनकर

मार्ग चांगला निवडलाय. ग्वांगझोउ–ग्वीयांग हायस्पीड मार्ग (८५७ किमी, डिसेंबर २०१४ पासून सुरू) तुम्हाला हव्या त्याच डोंगरांतून जातो, त्यामुळे ग्वीयांगला (प्रांताच्या राजधानीला) वळसा घालायची गरज नाही.

आधी एक सूत्र सांगतो, बाकी सगळं त्यावरून सुटेल. चीनच्या ग्रामीण भागात सगळ्या सोयी 'श्येन'च्या गावी असतात, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावी. परदेशी कार्ड घेणारं एटीएम, मोठं रुग्णालय, बस स्टँड, औषधाचं मोठं दुकान, इंग्रजी थोडंफार समजणारा हॉटेलवाला, सगळं तिथेच. त्याच्या खालच्या गावात यातलं काहीही असेलच असं धरू नका. म्हणून रोख, परतीचं वाहन आणि पुढच्या दोन दिवसांची सोय या तीन गोष्टी तालुक्याचं गाव सोडण्याआधी पक्क्या करा. लोक अडतात ते इथेच. गाव सापडतं, पण तिथून निघता येत नाही.

विमानतळ ते स्टेशन : ग्वांगझोउचा बाययुन विमानतळ शहराच्या उत्तरेला आणि तुमच्या गाड्या सुटतात ते ग्वांगझोउ साउथ स्टेशन दक्षिणेला. मेट्रोची ३ नंबरची लाइन धरा, जियाहेवांगगांगला २ नंबरच्या लाइनीत बदला, ती शेवटी ग्वांगझोउ साउथलाच जाते. दीड तास धरा. विमान उतरणं, इमिग्रेशन आणि सामान मिळून विमान आणि रेल्वेमध्ये निदान पाच तास हवेत. रात्री उतरत असाल तर त्या रात्री ग्वांगझोउतच राहा.

तिकीट : रेल्वेचं अधिकृत अ‍ॅप १२३०६, त्याला इंग्रजी आवृत्ती आहे. पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून खातं महिनाभर आधी उघडा. तिकीटविक्री प्रवासाच्या १५ दिवस आधी सुरू होते. थोडं जास्त शुल्क चालत असेल तर ट्रिप डॉट कॉमवरून काढा, ते आधीच मागणी नोंदवून ठेवतात.

नावाबाबत आपल्याकडच्यांची हमखास गडबड होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक पासपोर्टांवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःच्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. तिकिटावर, हॉटेल बुकिंगवर आणि अलीपेवर (पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप) ते सगळं जसंच्या तसं, पासपोर्टच्या तळाच्या छापील ओळींप्रमाणे टाका. मधलं नाव गाळलं की पडताळणी फसते.

तिकीट कागदी नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. आपोआप उघडणारी फाटकं चिनी ओळखपत्रासाठी असतात. काही ठिकाणी त्यांच्यावर पासपोर्टही वाचला जातो, पण कडेच्या माणसाच्या फाटकानं जाणं सोपं. फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं आणि मग विनवण्या करून उघडत नाही. सामानाची क्ष-किरण तपासणी प्रत्येक स्टेशनावर होते. सुरी, फळं कापायचा चाकू, डास मारायचा फवारा काढून घेतात. डासांसाठी क्रीम न्या.

आता सगळ्यात मोठा सापळा. 'त्सोंगजियांग' नावाचं स्टेशन त्सोंगजियांग गावात नाही. ते झाओशिंग या डोंग गावापासून सात-आठ किलोमीटरवर आहे आणि तालुक्याचं त्सोंगजियांग गाव तिथून वीसेक किलोमीटर लांब आहे. तुमच्या दृष्टीनं हे बरंच आहे, कारण झाओशिंगला जायला हेच स्टेशन सोयीचं. पण हॉटेल त्सोंगजियांग गावात घेतलंत आणि 'स्टेशनजवळच असेल' असं धरलंत, तर संध्याकाळी टॅक्सी शोधत बसाल. काइली शहराच्या काइली साउथ स्टेशनाचंही तसंच, ते शहराबाहेर बरंच लांब आहे. नकाशावर स्टेशन आणि हॉटेल यांतलं अंतर रस्त्यानं मोजा, नावावर जाऊ नका.

ग्वांगझोउ साउथ ते त्सोंगजियांग चार तासांच्या आसपास लागतात. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा दुपारी दोन-तीनच्या आत पोचणारी गाडी निवडा. स्टेशनाबाहेर झाओशिंगची बस असते, पण संध्याकाळी ती बंद होते.

मुक्कामाची नोंदणी : चीनमध्ये परदेशी माणसाची नोंद पोहोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलात राहिलात तर ते काम हॉटेलचं, कोणाच्या घरी राहिलात तर तुमचं आणि यजमानाचं. नोंद राहिली तर २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणसाला ठेवण्याचा परवाना नाही असं कारण सांगून हॉटेलांनी नकार देऊ नये, असं सरकारनं २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तरी खेड्यात अडचण येते ती वेगळ्याच कारणानं. मालकिणीकडे फक्त चिनी ओळखपत्र वाचणारं यंत्र असतं आणि पासपोर्टची माहिती कुठे भरायची हे तिला कोणी दाखवलेलं नसतं. नकार बहुधा त्या भीतीतून येतो.

उपाय असा. बुकिंग केल्याबरोबर निरोप पाठवा : 'आम्ही तिघं भारतीय पासपोर्टवर येतोय, नोंदणी करता येईल का?' होकार लेखी मिळाला की त्याचा फोटो ठेवा. निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा विचारा. तिथे गेल्यावर अडलंच तर रागावू नका. 'फायछूसुओ' म्हणजे पोलीस चौकी, तिथे आपण मिळून जाऊ असं सुचवा. पासपोर्ट, व्हिसाचं पान आणि प्रवेशाचा शिक्का असलेलं पान, तिन्हींच्या छायाप्रती प्रत्येकी चार जवळ ठेवा. चौकीत छायाप्रतीचं यंत्र बंद असणं ही मोठी खोळंब्याची गोष्ट होते. मदत लागली तर इमिग्रेशनचा १२३६७ हा क्रमांक चोवीस तास इंग्रजीत उत्तर देतो.

व्हिसा पर्यटकांचा 'एल' प्रकारचा लागेल. भारतीयांसाठी तो जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झाला. २४० तासांच्या विनाव्हिसा ट्रान्झिटच्या यादीत भारत नाही, त्या भरवशावर कोणी सांगितलं तर ऐकू नका.

---

खिसापाकीट

पैशांचं आणि फोनचं मी लिहितो.

यूपीआय आणि रुपे कार्ड विसरा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागेल आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याचा परदेशातला वापर चालू करावा लागेल. ऑनलाइन, दुकानातला आणि एटीएमचा अशी तीन वेगवेगळी बटणं असतात. तिन्ही चालू करा, मर्यादा वाढवा. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या. एक अडलं तर दुसरं.

अलीपे घरीच उतरवा, पासपोर्टनं ओळख पटवा, दोन्ही कार्डं जोडा. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून हे काम विमानात बसण्याआधी झालं पाहिजे आणि भारतीय सिमचं रोमिंग निदान एसएमएसपुरतं तरी चालू राहिलं पाहिजे. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे वेगळं शुल्क घेत नाही, त्यावर ३ टक्के लागतं. तेव्हा ३६० युआनचं खोलीभाडं दोन रात्रींसाठी असेल तर प्रत्येक रात्रीचे १८० वेगवेगळे दिलेत की शुल्क वाचतं. वीचॅट पेही परदेशी कार्ड घेतं, पण वीचॅट आणि बायदू मॅप ही दोन्ही अ‍ॅप भारत सरकारनं जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपच्या यादीत आहेत. म्हणून सगळी मांडणी अलीपेवर करा.

आता खेड्यातली गोम. दुकानात टांगलेले क्यूआर दोन प्रकारचे असतात. एक व्यापाऱ्याचा, तिथे परदेशी कार्डाचे पैसे जातात. दुसरा व्यक्तीचा वैयक्तिक कोड, म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला पैसे पाठवायचा. तिथे परदेशी कार्ड जोडलेल्या खात्यातून पैसे जात नाहीत. बाजारात टोपलीत जर्दाळू घेऊन बसलेली आजी, वडापची व्हॅन, दारात नूडल विकणारी बाई, यांच्याकडे बहुधा दुसऱ्या प्रकारचा कोड असतो. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की समजा, रोख काढा.

म्हणून तिघांसाठी एका वेळी १५०० ते २००० युआन रोख, त्यातले निदान ४०० युआन १०, ५ आणि १ च्या नोटांत. १०० ची नोट दिली की सुटे नाहीत म्हणतात आणि ते खरंच नसतात, कारण गावातलीच मंडळी फोननं पैसे देतात. नोटा त्सोंगजियांग किंवा रोंगजियांग (शेजारचं तालुक्याचं गाव) इथल्या बँक ऑफ चायनातून काढा. गावातलं एटीएम ग्रामीण पतसंस्थेचं असेल तर परदेशी कार्ड चालेलच असं नाही. एटीएम बहुधा १०० च्याच नोटा देतं, सुट्यांसाठी काउंटरवर जा. बँक शनिवार-रविवारी अर्धवट चालू असते.

बाजारात भाव 'चिन'चा असतो, म्हणजे ५०० ग्रॅमचा. ग्वीझोउच्या बोलीत 'श' चा 'स' होतो, त्यामुळे चार आणि दहा हे आकडे ऐकायला जवळजवळ सारखेच. आकडा नेहमी फोनच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून घ्या. हातानं दाखवला तर अंगठा आणि करंगळी वर म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ.

फोन : गूगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर बंद आहेत. भारतीय सिमचं रोमिंग किंवा भारतातून घेतलेलं प्रवासी ई-सिम वापरलंत तर वाहतूक चीनबाहेरून फिरते आणि व्हॉट्सअ‍ॅप चालतं. त्याच फोननं हॉटेलचं वायफाय धरलंत की लगेच बंद. आईच्या फोनमध्ये वायफाय आपोआप जोडलं जाणार नाही असं करून ठेवा, नाहीतर 'व्हॉट्सअ‍ॅप गेलं' म्हणून रोज गोंधळ होईल. तिघांपैकी दोघांकडे तरी ई-सिम हवं.

नकाशासाठी गूगल मॅप्स नको. चीनमधले नकाशे वेगळ्या सरकवलेल्या निर्देशांकांवर काढलेले असतात, त्यामुळे गूगलवर तुमचा ठिपका काहीशे मीटर बाजूला, कधी नदीपलीकडे दिसतो. गाडीरस्त्यासाठी आमॅप वापरा, त्याला आता इंग्रजी आहे. पायवाटांसाठी ऑर्गॅनिक मॅप्समध्ये ग्वीझोउ आधीच उतरवून ठेवा, तो ऑफलाइन चालतो आणि ठिपका बरोबर जागी पडतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये सोप्या चिनी लिपीचा ऑफलाइन संच घ्या. भाषांतराला देताना वाक्य तोकडं ठेवा, कर्ता सोडू नका. 'उद्या सकाळी ७ वाजता आम्ही तिघं जियाबांगला जाणार. गाडी मिळेल का?' असं. म्हातारी माणसं डोंग किंवा म्याओ बोलतात, अ‍ॅपमधली मानक चिनी त्यांना कळत नाही. शाळकरी मुलांना विचारा.

पॉवर बँक : जून २०२५ च्या अखेरीपासून चीनमधल्या अंतर्गत विमानांत '३सी' हा चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचा छाप नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर तो छाप नसतो. तुम्ही रेल्वेनं फिरताय म्हणून निभावेल, पण परतीला ग्वीयांगहून अंतर्गत विमान घेणार असाल तर लक्षात ठेवा. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, चपट्या पिनांचं अ‍ॅडॉप्टर घ्या.

---

मेतकूट

आईच्या जेवणाबद्दल. ग्वीझोउत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण 'भाजी मागवली' म्हणजे ती शाकाहारी आली असं नाही. तीन ठिकाणी मांस लपतं. एक, पालेभाजीसुद्धा बरेचदा डुकराच्या चरबीत परततात. दोन, रस्सा आणि नूडलचं पाणी हाडांचं असतं. तीन, चवीला कोंबडीची पावडर टाकतात. माणूस प्रामाणिकपणे 'यात मांस नाही' म्हणतो, कारण त्याच्या लेखी मांस म्हणजे तुकडे.

त्यामुळे नुसतं 'मी शाकाहारी' पुरत नाही. निघण्यापूर्वी एका जाड कागदावर चिनी लिपीत हे छापून घ्या : 'मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण घेते. मांस, मासे, डुकराची चरबी, हाडांचं पाणी, कोंबडीची पावडर चालत नाही. वनस्पती तेल, मीठ, मिरची, अंडं चालतं.' अंडं चालत नसेल तर तसं लिहा. बौद्ध भिक्षूंचं जेवण सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तो उल्लेख कामाला येतो. तोंडी म्हणायचं तर 'वो छ् सू' म्हणजे मी शाकाहारी खाते आणि 'पू याव चू यौ' म्हणजे डुकराची चरबी नको. कागद वेटरला न दाखवता थेट चुलीवरच्या माणसाला दाखवा. छोट्या खानावळीत स्वयंपाकघरात डोकावलेलं कोणाला खटकत नाही, उलट भाज्यांच्या फडताळाकडे बोट दाखवून मागवायचीच रीत आहे.

हमखास मिळणारं : टोमॅटो-अंडं, बटाट्याचा परतलेला कीस (थू तौ स), ठेचलेली काकडी, परतलेला कोबी, वांगं, साधा भात. टोफू मागवताना मापो टोफू नको, त्यात खिमा असतो. तिथल्या आंबट रश्श्याचा, म्हणजे 'स्वान थांग'चा, लाल प्रकार टोमॅटो आणि मिरची आंबवून करतात, पांढरा प्रकार तांदळाच्या धुवणाचा. त्यात मासा न घालता टोफू आणि पालेभाज्या शिजवून मागता येतात, चरबी आणि हाडांचं पाणी नको हे मात्र सांगावंच लागतं. आपल्या जिभेला आंबट-तिखट म्हणून तो फार आवडतो.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. 'झ्अरकन' नावाची पांढरी मुळी तिथे कच्ची, चटणीत चिरून घालतात. वनस्पतीच आहे, पण वास थेट मासळीसारखा. आई पहिल्या घासाला ताट बाजूला सारेल, तेव्हा ती वेगळी काढायला सांगा. आणि त्सोंगजियांग-रोंगजियांगकडे 'न्यूप्ये' लिहिलेल्या पाट्या दिसतील. गाई-बैलांच्या पोटातल्या अर्धवट पचलेल्या गवताच्या रसाचा तो रस्सा आहे, तिथली मानाची पाककृती. शाकाहारी माणसाला त्या दुकानात बसवू नका, सगळी भांडी तीच असतात.

घरून काय न्यावं : उकळतं पाणी चीनमध्ये गाडीत, स्टेशनात, खोलीत सगळीकडे मिळतं, तेव्हा त्यात भिजणारं न्या. पोह्यांचं किंवा उपम्याचं तयार मिश्रण माणशी दिवसाला एक, मेतकूट पाव किलो, शेंगदाण्याची चटणी, थोडं लोणचं. झाकणाचा स्टीलचा डबा हवाच. तूप, पनीर, चीज, ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं नेऊ नका, कस्टमला बंदी आहे. मेतकूट-भाताला तुपाऐवजी तिथलं शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल चालवून घ्या. मोहरीचं तेल ग्वीझोउत भरपूर.

नळाचं पाणी पिऊ नका.

---

घाटवाट

मंडळी, खूपच उपयोगी. आता बाबांच्या गुडघ्यांचं विचारतो. झाओशिंग, शीजियांग (म्याओंचं प्रसिद्ध मोठं गाव), जियाबांग यांत कुठे किती चढ? आणि मे अखेर पाऊस किती? झाओशिंग ते जियाबांग गाडी कशी करायची?

---

पाऊलवाट

गुडघ्यांच्या दृष्टीनं झाओशिंग उत्तम. गाव ओढ्याकाठी दरीत आहे, मुख्य रस्ता सपाट, पाचही नगारामनोरे (डोंग गावांतले उंच लाकडी मनोरे) त्याच्या आजूबाजूला. बाबा तिथे सकाळ-संध्याकाळ निवांत फिरतील. वरच्या तांगआन गावाला पायवाटेनं जायला चढ लागतो, दीड-दोन तास. बाबांना गाडीनं वर पाठवा आणि तुम्ही चालत जा, किंवा सगळे गाडीनं वर जाऊन तुम्ही तेवढे चालत खाली या. पाऊस पडून गेला असेल तर दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं, उतरताना घसरतं. काठी घ्या.

शीजियांग डोंगराच्या उतारावर आहे. हॉटेल 'वरून दृश्य' दाखवणारं घेतलंत तर दोनशे पायऱ्या सामानासह. खाली नदीकाठी घ्या.

लाकडी घरांत लिफ्ट नसते आणि जिना अरुंद, उभा. बुकिंग करतानाच 'तळमजला किंवा पहिला' आणि 'मा थोंग', म्हणजे कमोड, असं लेखी विचारा. उकिडव्या संडासाला 'तुन खंग' म्हणतात. बाजारातल्या आणि रस्त्यावरच्या शौचालयात तोच, आणि तिथे पाणी व कागद दोन्ही नसतात. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली आणि कागद प्रत्येकाच्या पिशवीत. लाकडी भिंतींतून शेजारच्या खोलीतलं कुजबुजणंसुद्धा ऐकू येतं, कानात घालायचे बोळे न्या. खोलीत उदबत्ती, डासांची अगरबत्ती पेटवू नका. सगळं गाव लाकडाचं, आगीची भीती खरी आहे.

पावसाबद्दल सरळ सांगतो : मे अखेर पाऊस असणारच. पण जियाबांगला तुम्हाला हवं ते दृश्य त्याच काळात असतं. मे मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत खाचरांत पाणी भरलेलं, चिखलणी आणि लावणी चालू. पिवळं सोनं बघायचं तर सप्टेंबर अखेर. जून-जुलै टाळा. दरडी पडतात, नद्या फुगतात. जून २०२५ मध्ये रोंगजियांगला मोठा पूर येऊन गाव पाण्याखाली गेलं होतं. म्हणून वेळापत्रकात एक मोकळा दिवस ठेवाच, आणि तो जियाबांगनंतर ठेवा. अडकलात तर तिथेच अडकाल, आणि पुढचं रेल्वे तिकीट वाया जाणार नाही.

झाओशिंगहून जियाबांग : आधी त्सोंगजियांगच्या गावी या. तिथून जियाबांगकडच्या बसेस दिवसाला मोजक्या, सकाळीच. रस्ता वळणावळणाचा, दोन तासांहून जास्त. आई-बाबांना घेऊन बसच्या नादी लागू नका, 'पाव छ' म्हणजे पूर्ण गाडी ठरवा. दिवसाला साधारण ४०० ते ६०० युआन. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या : कुठून कुठे, किती वाजता, टोल-पार्किंग-चालकाचं जेवण धरून की सोडून, आणि परतीला कुठल्या दिवशी किती वाजता. परत आणायला तोच चालक असेल तर अर्धेच पैसे आधी द्या, उरलेले परतल्यावर. डीडी (अ‍ॅपवरून बोलवायची टॅक्सी) तालुक्याच्या गावात मिळते आणि वरच्या गावात सोडूनही जाते, पण वरून परत यायला ती मिळत नाही. हा घोळ फार जणांचा होतो. भारतीय वाहन परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना चीनमध्ये चालत नाही, स्वतः गाडी चालवायचा विचार नको.

आईला गाडी लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास, आणि जागा पुढची.

जियाबांगला मुक्काम जियाछ किंवा दांगन्यू वस्तीत घ्या. खाचरं खोलीच्या खिडकीतून दिसतात, बाबांना कुठे चढायलाच नको. धुकं सकाळी सात-आठपर्यंत असतं, मग अचानक फाटतं, कधी दहा मिनिटांसाठीच. दोन रात्री ठेवल्यात तर एक तरी सकाळ मिळते, एका रात्रीत जुगार होतो. खाचरांच्या बांधावरून चालताना बांधाच्या मधोमध पाऊल टाका. कडा मातीची असते, ढासळली की वरच्या वाफ्याचं पाणी खालच्यात जातं आणि ऐन लावणीत शेतकऱ्याचा दिवस त्यातच जातो.

बाजाराचा दिवस चुकवू नका. 'कान छांग' म्हणतात. काही गावी आठवड्याच्या ठरावीक वारी, काही गावी पाच-सहा दिवसांच्या फेऱ्यानं. आदल्या दिवशी हॉटेलात विचारा. त्या दिवशी सकाळच्या व्हॅन गच्च असतात आणि बाजार दुपारी एकपर्यंत उठतो.

---

शेनझेनकर

पाऊलवाट यांच्याशी सहमत, फक्त शीजियांगबद्दल वेगळं मत. फक्त सात-आठ दिवस असतील तर शीजियांग गाळा. तिकीट, खासगी फाटक, दुकानांची रांग आणि प्रचंड गर्दी. तो वेळ झाओशिंगला तिसरी रात्र देण्यात सत्कारणी लागेल. झाओशिंगलाही प्रवेश तिकीट आहे आणि गावात खोली घेतली असली तरी ते लागतं, पण संध्याकाळी दिवसाचे पर्यटक गेले की गाव गावासारखं होतं. मागच्या गल्लीत नीळ दिलेलं कापड दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं बडवताना दिसतील. तासन्‌तास. त्या बडवण्यानं आणि अंड्याच्या पांढऱ्यानं कापडाला जांभळट, कातड्यासारखी चकाकी येते. विकत घेतलंत तर वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, ओल लागली की नीळ बाकीच्या कपड्यांवर उतरते. आणि ते धुवायचं नसतं, धुतलं की चकाकी गेली.

१ मेची सुट्टी आणि १ ते ७ ऑक्टोबर हे दोन काळ पूर्ण टाळा. तुम्ही मे अखेर जाताय ते ठीक. रोंगजियांगला मुक्काम असेल तर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघा. २०२३ पासून तिथली गावोगावची फुटबॉल स्पर्धा देशभर गाजते, सामन्याच्या शनिवारी खोल्या मिळत नाहीत.

---

पाऊलवाट

शीजियांग गाळण्याला हरकत नाही. म्याओ गावच बघायचं तर त्सोंगजियांगहून सात-आठ किलोमीटरवर बाशा आहे, अर्ध्या दिवसात होतं.

म्याओ गावाच्या वेशीवर पाहुण्यांना शिंगातून तांदळाची दारू देतात. शिंगाला हात लावला की ते पूर्ण रिकामं करावं लागतं, अशी रीत आहे. दोन्ही हात पाठीमागे ठेवा, ओठ टेकवा, झालं. आईनं मान हलवून छातीवर हात ठेवला तरी कोणी आग्रह करत नाही. फोटो काढण्याआधी कॅमेरा दाखवून मान डोलावण्याची वाट बघा, विशेषतः म्हाताऱ्या बायकांचा. नगारामनोऱ्याखाली शेकोटीभोवती बसलेल्या आजोबांपाशी बाबा जाऊन बसले तर त्यांना जागा करून देतील. ती गावाची बसायचीच जागा आहे.

---

मेतकूट

औषधांचं राहिलं. बाबांच्या रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, दिवस जितके त्याच्या दीडपट. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या काही गोळ्या नियंत्रित यादीत येतात. गरज नसेल तर नेऊच नका, गरज असेल तर चिठ्ठी हवीच. ओआरएसची वीस पाकिटं, गुडघ्याचा पट्टा, तापाची गोळी न्या.

खेड्यात कुत्री मोकळी असतात. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात रेबीजची लस सुरू करा. गावच्या दवाखान्यात ती असेलच असं नाही. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०, आग ११९. हॉटेलचं नाव, पत्ता आणि मालकाचा नंबर चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड तिघांच्या खिशात वेगवेगळं ठेवा, कारण फोनवर तुम्हाला पत्ता सांगता येणार नाही. ते कार्ड शेजारच्या दुकानदाराच्या हातात द्यायचं आणि फोन त्याच्याकडे.